वाचनालयात आलेला माणूस पुन्हा यावा, यासाठी नेमके काय बदलावे?

गिरणगावकर (प्रश्न)

नमस्कार. मी गिरणगावातील एका जुन्या, शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयाच्या कार्यकारी मंडळावर आहे. आमच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलामुलींना सकाळी उशीर झाला तर जागा मिळत नाही आणि वृत्तपत्र विभागात ज्येष्ठांची नित्याची वर्दळ असते; पुस्तके घरी नेण्यासाठी असलेल्या देवघेव विभागापुढे मात्र शुकशुकाट असतो. जुने सभासद डोंबिवली-बदलापूरला राहायला गेले, आणि चाळींच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरांतील नवे रहिवासी आमच्या दारावरून रोज जातात, पण आत येत नाहीत. 15 ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन, 27 फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन, व्याख्याने, कविसंमेलन असे सगळे आम्ही केले. सभागृह भरले, छायाचित्रे निघाली, सभासद वाढले नाहीत.

आपल्या 1967च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्यात तमिळनाडू किंवा कर्नाटकाप्रमाणे ग्रंथालय उपकराची, म्हणजे ग्रंथालयांसाठी घेतल्या जाणाऱ्या वेगळ्या कराची, तरतूद नाही, त्यामुळे आमची सारी मदार ग्रंथालयाच्या वर्गानुसार मिळणारे शासकीय अनुदान, वर्गणी आणि देणग्यांवर आहे. हाती असलेली मोजकी रक्कम वातानुकूलनावर खर्च करावी, असा मंडळातील काहींचा आग्रह आहे. तसा निर्णय घेण्यापूर्वी जाणकारांचे मत हवे आहे.

निवृत्त ग्रंथपाल

वातानुकूलनाचा विचार तूर्तास बाजूला ठेवावा. आधी एवढे सांगा, की आपल्याकडे वाचक कपाटापर्यंत जाऊ शकतो का? मुंबईतील अनेक वाचनालयांत आजही वाचक छापील यादीतून पाच-सहा क्रमांक चिठ्ठीवर लिहून काउंटरवर देतो, कर्मचारी आत जातो, आणि थोड्या वेळाने बाहेर येऊन ‘यातली चार बाहेर आहेत, पाचवे बाइंडिंगला आहे’ असे सांगतो. नव्या माणसाला कोणते पुस्तक हवे हेच ठाऊक नसते. ते चाळताना सापडते. चाळायलाच मिळाले नाही, तर तो सभागृहातील व्याख्यान ऐकून घरी जातो, कारण त्या घटकेला त्याच्या हाती पुस्तक देण्याची सोयच आपण ठेवलेली नसते.

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक एस. आर. रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले. पुस्तके उपयोगासाठी आहेत, हा त्यांतील पहिला आणि वाचकाचा वेळ वाचवा, हा चौथा. आपण दरवर्षी 12 ऑगस्टच्या ग्रंथपाल दिनी त्यांच्या प्रतिमेला हार घालतो आणि दुसऱ्या दिवशी कपाटांना पुन्हा कुलूप लावतो, याचे मला राहून राहून आश्चर्य वाटते.

माझी सूचना अशी, की संपूर्ण संग्रह खुला करणे शक्य नसेल तर निदान अलीकडच्या काही वर्षांतील खरेदी, चरित्रे आणि बालसाहित्य दर्शनी भागातील उघड्या मांडण्यांवर आणावे. ही पुस्तके दाखल क्रमांकाने, म्हणजे संग्रहात आली त्या क्रमाने, लावू नयेत. लेखकाच्या किंवा विषयाच्या क्रमाने लावावीत, कारण दाखल क्रमांकाचा उपयोग कार्यालयाला होतो, वाचकाला नाही. कार्यक्रमाच्या दिवशी देवघेव विभाग कार्यक्रम संपल्यानंतरही तासभर उघडा असावा आणि वक्त्याने उल्लेखिलेली पुस्तके टेबलावर असावीत. याला खर्च जवळजवळ नाही.

पार्लेकर

मी केवळ वाचक आहे, पण वेळेबद्दल बोलल्यावाचून राहवत नाही. चर्चगेटहून सुटलेला नोकरदार माणूस घरी पोहोचेपर्यंत आमच्याकडच्या वाचनालयाची देवघेव बंद झालेली असते, आणि रविवारी ते उघडतच नाही. मुलांना घेऊन येणाऱ्या आईवडिलांना हाच एक वार मोकळा असतो. सोमवारी सुट्टी ठेवून रविवार सकाळ उघडी ठेवली, तर कर्मचाऱ्यांवर अन्याय न होताही हे साधेल असे वाटते. शिवाय बालविभागात मुलाने मोठ्याने वाचले म्हणून त्याला गप्प करू नये. शांततेचा नियम अभ्यासिकेला लावावा. त्या कोपऱ्याला नको.

गिरणगावकर

आपल्या सूचनांबद्दल आभारी आहे. खुल्या मांडणीचा प्रस्ताव आमच्याकडे पूर्वी एकदा आला होता. त्यावर पुस्तके चोरीला जातील आणि तपासणीच्या वेळी उत्तर कोण देणार, असा आक्षेप आला आणि विषय मागे पडला. आमचा लिपिक तर म्हणतो, की हरवलेल्या प्रत्येक पुस्तकाचा हिशेब त्याच्याच डोक्यावर बसेल.

निवृत्त ग्रंथपाल

ही भीती अनाठायी नाही, पण तिचे माप ठरवता येते. केंद्र शासनाच्या 2017च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत, वाचकांनी नेलेल्या किंवा ग्रंथालयात पाहिलेल्या दर हजार पुस्तकांमागे वर्षाला पाच पुस्तके गहाळ होणे वाजवी मानले आहे. अट इतकीच, की त्यामागे अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जीपणा नसावा. हजार रुपयांहून अधिक किमतीचे, किंवा किंमत कितीही असली तरी दुर्मिळ असलेले पुस्तक हरवल्यास चौकशी करावी, असेही तेथे म्हटले आहे. हे नियम आपल्या संस्थेला थेट लागू नाहीत, परंतु मंडळाच्या बैठकीत आधार म्हणून मांडता येतील. दुर्मिळ ग्रंथ कुलपातच राहू द्यावेत. बाकीच्यांसाठी मंडळाने स्वतःची मर्यादा ठरवून ठरावात नोंदवावी आणि ठरावाची प्रत लिपिकाच्या हाती द्यावी. तो निर्धास्त झाल्याशिवाय कपाटे उघडणार नाहीत, हे अनुभवाने सांगतो.

परळचा सभासद

टॉवरमधील रहिवाशांबद्दल माझे थोडे वेगळे मत आहे. ते आपल्या दारी येण्याची वाट पाहण्यापेक्षा आपण त्यांच्या दारी जावे. सयाजीराव गायकवाडांनी 1910 साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना बडोद्यात बोलावले आणि पुढे त्या संस्थानात पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरू लागल्या. तीच रीत आपल्या वस्तीला बेतून घ्यावी. सोसायटीच्या कार्यालयात तीस-चाळीस पुस्तकांची पेटी ठेवावी, महिन्याने ती शेजारच्या इमारतीत न्यावी आणि नोंदवही सोसायटीतील एखाद्या उत्साही ज्येष्ठाकडे सोपवावी. गुडघेदुखीमुळे ज्यांनी वाचनालयात येणे सोडले आहे, त्यांचीही यात सोय होते. पेटीत केवळ मराठी पुस्तके ठेवून चालणार नाही. त्या इमारतींत गुजराती आणि हिंदी वाचणारी कुटुंबेही आहेत.

अभ्यासिकेतील मुलांकडेही दुर्लक्ष होऊ नये. ती रोज येतात, पण स्वतःची पुस्तके घेऊन येतात. अभ्यासिकेच्या भिंतीलाच एक मांडणी लावून तिथे विश्वकोशाचे खंड, राज्यघटनेवरील ग्रंथ आणि दोन-चार कादंबऱ्या ठेवाव्यात. कादंबऱ्यांना आपले मंडळ हरकत घेईल, हे मला ठाऊक आहे.

गिरणगावकर

हरकत येईलच. तरीही पुढील बैठकीत दर्शनी मांडणी, रविवारची वेळ आणि एका इमारतीसाठी पेटी असे तीनच विषय ठेवणार आहे. वातानुकूलनाचा विषय त्यांच्यानंतर घ्यावा, अशी विनंती अध्यक्षांना करतो. पेटीतील पुस्तकांसाठी वाचकांकडून अनामत घ्यावी की सोसायटीकडून एकत्रित हमीपत्र घ्यावे, याबद्दल कोणाचा अनुभव असल्यास कृपया लिहावे.

परळचा सभासद

हमीपत्र घ्यावे. अनामत मागितली की माणूस पुस्तक चाळण्याआधीच मागे सरतो.