आकडा ९८, पण पेशंटला धाप

पल्स ऑक्सिमीटरबद्दल, म्हणजे बोटाला क्लिप (प्रोब) लावून रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण (सॅच्युरेशन) टक्क्यांत दाखवणाऱ्या यंत्राबद्दल, एकाने विचारलंय, 'मॉनिटर ९८ दाखवतोय आणि पेशंटला धाप आहे, विश्वास कशावर ठेवायचा?' पेशंटवर. मग आकडा तपासा. प्लेथची, म्हणजे स्क्रीनवर दिसणारी नाडीची, लाट स्वच्छ हवी आणि प्रोबची नाडी ईसीजीशी जुळायला हवी. ईसीजी ११८ आणि प्रोब ७४ म्हणत असेल, तर ते ९८ चार्टवर चढवूच नका.

बीपीचा कफ त्याच हाताला असेल तर तो फुगला की बोटातला रक्तप्रवाह थांबतो आणि अलार्म वाजतो. प्रोब दुसऱ्या हाताला. बोटं गार असतील तर आधी गरम करा. बोटाची क्लिप कानाला अडकवायची सवय मात्र सोडा, कानाचा प्रोब वेगळा असतो.

आता खरा धोका. आपल्या नागपुरात जानेवारीच्या थंडीत बंद खोलीत शेगडी पेटवून झोपलेला माणूस बेशुद्ध आला, तर हे यंत्र सरळ फसवतं. ते साधारण ६६० आणि ९४० नॅनोमीटर अशा दोनच तरंगलांबींचा प्रकाश मोजतं. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनवालंच वाटतं. आकडा ९९ दिसला तरी हाय-फ्लो मास्क काढू नका, रक्ताचा नमुना को-ऑक्सिमीटरवर (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगवेगळे मोजणारं यंत्र) पाठवायला सांगा. साध्या एबीजीतलं (धमनीच्या रक्तातल्या वायूंची तपासणी) सॅच्युरेशन गणिताने काढलेलं असतं, म्हणजे तेही कुचकामीच.

उलट, ऑक्सिजन वाढवूनही आकडा ८५च्या आसपास अडकला आणि रक्त चॉकलेटी दिसलं, तर मेथहिमोग्लोबिनची (ऑक्सिजन वाहू न शकणारं हिमोग्लोबिन) शंका डॉक्टरांच्या कानावर लगेच घाला.

आणि ऑक्सिजन चालू असताना ९७ दिसलं, तरी कार्बन डायऑक्साइड साचत असू शकतो. श्वास पूर्ण एक मिनिट मोजा, अंदाजे '१८' लिहू नका.