स्लॅब सिटीला कॅम्परने जायचं आहे, सोबत आई: काय काळजी घ्यावी?

मानेवाडाकर
नमस्कार मंडळी. कॅलिफोर्नियात भावाकडे जाणार आहोत: मी, नवरा आणि ६८ वर्षांची आई. लॉस एंजेलिसहून २५ फुटी कॅम्पर (आत राहता येणारी गाडी) भाड्याने घेऊन सॅल्टन सी हे सरोवर, साल्व्हेशन माउंटन हा रंगवलेला डोंगर आणि स्लॅब सिटी ही वाळवंटातली वस्ती बघायची आहे. एक रात्र स्लॅब सिटीतच मुक्काम करायचा विचार आहे. विदर्भात शाळा उशिरा उघडतात म्हणून जूनचा दुसरा आठवडा धरलाय. नवरा म्हणतो, नागपूरच्या उन्हात वाढलेल्या माणसाला तिथल्या उन्हाची काय भीती. आईला बीपीची गोळी आहे, त्यात लघवी वाढवणारं औषध आहे.
तिथे वीज-पाणी काहीच नाही असं कळलं. पाणी किती न्यावं? गाडी वाळूत रुतली तर काय? आणि तिथल्या लोकांची कितपत भीती बाळगावी?

उन्हाळा_विदर्भाचा
ताई, आधी महिना बदला. जूनमध्ये तिथे मुक्काम नको.

तुमचे यजमान म्हणतात ते अर्धं खरं आहे. ४५-४६ अंश आपल्याला नवीन नाहीत, पण आपण ते सोसतो ते जाड भिंती, वाळ्याचा कुलर, माठ, दुपारी दार लावून बसणं आणि गल्लीच्या तोंडाशी असलेला दवाखाना यांच्या जोरावर. तिथे जून ते सप्टेंबर पारा बहुतेक दिवस चाळिशीच्या आसपास किंवा वर असतो, कधी ४८-४९ पर्यंतही जातो, आणि तुम्ही असणार पातळ भिंतीच्या डब्यात. कॅम्परच्या छपरावरचा एसी बाहेरच्यापेक्षा साधारण १० ते १२ अंश खाली आणू शकतो. बाहेर ४५ असेल तर आत ३३-३५, तेही सगळ्या काचांना चमकते पडदे लावल्यावर.

हा एसी गाडीच्या बॅटरीवर चालत नाही, त्याला जनरेटर लागतो. भाड्याच्या गाडीत तो बहुधा ४००० वॉटचा असतो आणि एसीच्या भारावर तासाला दोन लिटरच्या आसपास पेट्रोल पितो. दिवसरात्र चालवला तर ४५-५० लिटर गेले. पेट्रोल तो गाडीच्याच टाकीतून घेतो. परतीपुरतं शिल्लक राहावं म्हणून त्याची नळी टाकीत उंचावर बसवलेली असते, त्यामुळे टाकी पाव राहिली की तो बंद पडतो. जूनच्या रात्रीही हवा लवकर थंड होत नाही. रात्री दोनला जनरेटर थांबला तर आईंना गारव्यात न्यायला जवळ जागा नाही.

नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चपर्यंत जा. नाताळच्या सुट्टीत दिवसा विशीच्या आसपास तापमान असतं, रात्री ५-६ अंशांपर्यंत उतरतं. स्वेटर आणि एक जाड रग पुरतो. डिसेंबरात पावणेपाचच्या आत सूर्य मावळतो, एवढं लक्षात ठेवून पोहोचा.

पाणी: हिवाळ्यातही पिण्यासाठी माणशी दिवसाला ४ लिटर धरा. तिघांचे दोन दिवसांचे २४ लिटर होतात, तुम्ही ५० घ्या, कारण गाडी अडकली तर तेच दोन दिवस चार होतात. ५ गॅलनचे, म्हणजे साधारण १९ लिटरचे बंद कॅन मिळतात, आपल्या जारएवढे. सगळं पाणी एकाच भांड्यात नको. एक फुटला तर बाकीचं राहतं. कॅम्परच्या टाकीत शंभर-दीडशे लिटर असतं, ते भांडी आणि संडासासाठी ठेवा. आधीच्या गिऱ्हाईकाने ती टाकी कशी वापरली ते तुम्हाला माहीत नसतं.

आईंच्या गोळीबद्दल निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. लघवी वाढवणाऱ्या औषधाने शरीरातलं पाणी आणि क्षार दोन्ही जातात आणि कोरड्या हवेत घाम दिसतच नाही, जागच्या जागी सुकतो. म्हणून तहानेवर अवलंबून राहायचं नाही. गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, मिठाचं पाणीही मनाने पाजायचं नाही. ओआरएस किती चालेल ते त्यांच्याकडूनच लिहून घ्या. माणूस असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला, अंग तापून लाल झालं तर ते साधं ऊन लागणं राहिलं नाही. ९११ या तिथल्या आपत्कालीन नंबरला फोन, कपडे सैल, अंगावर पाणी आणि जोरात वारा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका. मोठं रुग्णालय ब्रॉलीला आहे, तिथून ३५-४० किलोमीटर.

टाकी_बॅटरी_गॅस
वरच्या भाऊंशी सहमत. मी गाडीपुरतं लिहितो.

सगळ्यात आधी भाड्याचा करार वाचा. बहुतेक करारांत कच्च्या रस्त्यावर गाडी न्यायला मनाई असते आणि तिथे अडकल्यास ओढून काढायचा खर्च विम्यात बसत नाही. साल्व्हेशन माउंटनपर्यंत नायलंड या जवळच्या गावाहून बील रोडने जाता येतं, अंतर पाचेक किलोमीटर. खड्डे आहेत, पण तो रस्ता आहे. आतल्या वाटा मात्र माती, वाळू आणि कोरड्या नाल्यांच्या. पंचवीस फुटी गाडीचं शेपूट मागच्या चाकांपलीकडे बरंच लांब असतं; नाल्यात उतरून चढताना तेच जमिनीला घासतं आणि सांडपाण्याचा पाइप तुटतो. नियम सोपा: जिथे आधीच मोठ्या गाड्यांच्या चाकोऱ्या पडल्या आहेत तिथेच जायचं, वळायच्या आधी एकाने खाली उतरून चालत बघून यायचं. टाचेने दाबल्यावर पाऊल घोट्यापर्यंत जात असेल तर गाडी नेऊ नका. जुन्या काँक्रीटच्या चौथऱ्यावर उभी करायला मिळाली तर उत्तम.

रुतलीच तर एक्सलरेटर मारू नका. चाक फिरलं की खाली जातं आणि एक्सल टेकला की फावड्याने काम भागत नाही. चाकांमागची वाळू उतार करून काढा, फूटभर रुंद दोन फळ्या ढकला, अगदी हळू मागे या, ज्या चाकोरीतून आलात तिच्यातूनच. एक आखूड फावडं आणि फळ्या सोबत असू द्या, जॅकखाली ठेवायलाही त्याच कामी येतात. चाकांची हवा कमी करून वाळूतून काढायची युक्ती भाड्याच्या जड गाडीवर नको. पुन्हा भरायला पंप लागतो, आणि कमी हवेत हायवेवर टायर तापून फुटतो. गाडी ताब्यात घेताना टायरवरचे शेवटचे चार आकडे बघा, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. सहा-सात वर्षं जुना असेल तर बदलून मागा.

बॅटरीचा हिशोब असा. १०० अँपिअर-तासांची साधी लेड बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवायची नाही, म्हणजे हाती ५०. हिवाळ्यात गॅस हीटर लागतो, त्याचा पंखा चालू असताना ७-८ अँपिअर घेतो. रात्रभर मिळून तो तीन तास चालला तरी २०-२५ गेले. पाण्याचा पंप आणि दिवे त्यावर. फ्रिज गॅसवरचा आहे की १२ व्होल्टचा कॉम्प्रेसरवाला, हे विचारून घ्या. दुसरा असेल तर एका बॅटरीवर रात्र निघणं कठीण. सकाळी आणि संध्याकाळी तासभर जनरेटर चालवा आणि त्याच वेळात मायक्रोवेव्ह वापरून घ्या.

आता जे खरोखर जीव घेतं ते. जनरेटरच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही. शेजारी दुसरी गाडी असेल तर तिच्या एग्झॉस्टची दिशाही बघा. त्या बाजूची खिडकी बंद ठेवा. जनरेटर चालू ठेवून झोपायचं नाही. गॅसच्या शेगडीवर खोली गरम करायची नाही. गाडी घेताना कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मचं बटण दाबून आवाज ऐका. गॅसगळतीचा अलार्म जमिनीलगत असतो, कारण प्रोपेन हवेपेक्षा जड. बॅटरी उतरली की तोही टिकटिकतो, तेव्हा आधी वास घ्या, मग व्होल्टेज बघा. पेट्रोल भरताना प्रोपेनचा मुख्य वॉल्व्ह बंद.

संडासाची टाकी आधी रिकामी करून त्यात थोडं पाणी आणि रसायन टाका. आपण पाण्याने धुतो, त्यामुळे ती लवकर भरते. माणशी प्रत्येक वेळी एक-दीड लिटर धरा. ११० लिटरच्या टाकीत तिघांचे तीन दिवस निघतात. जमिनीवर एक थेंबही सोडायचा नाही, भांड्यांचं पाणीसुद्धा नाही. रिकामी करताना आधी मैल्याचा वॉल्व्ह, मग सांडपाण्याचा, म्हणजे पाइप धुऊन निघतो. ही सोय सॅल्टन सीच्या काठच्या राज्य उद्यानात आणि आरव्ही पार्कांत (कॅम्पर उभ्या करायच्या तळांवर) मिळते, स्लॅब सिटीत नाही.

लांबची_वाट
लोकांबद्दल.

तिथे काय आहे ते समजलं की कसं वागायचं ते आपोआप कळतं. १९४२ मध्ये तिथे अमेरिकन मरीन सैन्याचा कॅम्प डनलप उभा राहिला. १९५६ पर्यंत इमारती पाडल्या, काँक्रीटचे चौथरे तेवढे उरले, त्यांवरूनच नाव. १९६१ मध्ये जमीन कॅलिफोर्निया राज्याकडे परत आली. ६४० एकर. तेव्हापासून लोक राहतात, पण कुणाच्या नावावर काही नाही, ना नळ, ना गटार, ना कचऱ्याची गाडी. आपल्याकडे निदान पट्ट्याची आशा असते, तिथे तीही नाही. त्यामुळे हद्द कागदावर नसते, जमिनीवर असते: ओळीने पुरलेले टायर, बाटल्या, पॅलेटचं कुंपण, नुसती दगडांची रेघसुद्धा. ती रेघ म्हणजे कुणाचं अंगण. ओलांडायची नाही. मोकळी दिसणारी जागाही उन्हाळ्यापुरती गावाला गेलेल्या कुणाची असू शकते. शेजाऱ्याला विचारूनच गाडी लावा.

फोटो विचारून. माणसांचे, कुत्र्यांचे, घरांचे, सगळ्यांचे. ‘इथे का राहता’ हा प्रश्न पहिल्या भेटीत नको. कुत्री मोकळी असतात, लांबूनच हाक मारा, उभे राहा, कुणी बाहेर आलं तर बोला. काही द्यायचं तर पिण्याचं पाणी, बर्फ, बॅटऱ्या, मोजे. नागपूरची संत्रा बर्फीही द्या, पण पाहुणा यजमानाला देतो तशी, खिडकीतून वाटत जाऊ नका.

धोका नाही असं मी म्हणणार नाही. चोऱ्या होतात, नशा आहे, भांडणात आग लागते. बाहेर जनरेटरचं पेट्रोल, सायकल, फोल्डिंग खुर्च्या रात्री ठेवू नका. अंधार पडल्यावर एकटीने अनोळखी वाटेने चालू नका. दिवसा साल्व्हेशन माउंटन आणि ईस्ट जीझस या उघड्यावरच्या कलाप्रदर्शनापाशी पर्यटक असतात, तिथे एकटी बाई सहज फिरते. साल्व्हेशन माउंटन हा लेनर्ड नाइट यांनी १९८४ च्या सुमारास सुरू केलेला माती, गवत आणि रंगाचा डोंगर. २०१४ मध्ये ते गेले. वर जायला परवानगी असेल तर पिवळ्या रंगवलेल्या वाटेनेच चढा, बाकी रंगावर पाय पडला की कवच फुटतं आणि पाऊस आत शिरतो.

दोन जागा टाळा. पूर्वेकडचा कोचेला कालवा: काठ गुळगुळीत काँक्रीटचे आणि उतरते, पाण्याला ओढ, एकदा पडलं की हाताला धरायला काही नाही. आणि त्यापलीकडची चॉकलेट माउंटनची बॉम्बफेकीची हद्द. ती आजही वापरात आहे. वाळूत दिसणारा धातूचा कुठलाही तुकडा उचलू नका, मुलं सोबत असतील तर त्यांना आधीच सांगून ठेवा.

मानेवाडाकर
मनापासून आभार. डिसेंबरच धरतोय. पण मुक्कामाचं अजून ठरत नाही. आणि आई रोज फोडणीचंच जेवते, कॅम्परमध्ये जमेल का?

लांबची_वाट
थंडीत, चार वाजायच्या आत पोहोचून, जागा विचारून लावली तर एक रात्र राहता येते. शनिवार असेल तर ‘द रेंज’ या उघड्या रंगमंचावर गाणी होतात, ती ऐकण्यासारखी. गाडीचं तोंड बाहेरच्या वाटेकडे ठेवा आणि चाकांपुढे काही मांडू नका.

उन्हाळा_विदर्भाचा
मला आईंसोबत मुक्काम पटत नाही, थंडीतही. रात्री छातीत दुखलं तर अंधारात कच्ची वाट, मग बील रोड, मग नायलंडचं रेल्वे फाटक, जिथून लांबच लांब मालगाड्या जातात. दिवसभर तिथे राहा, झोपायला हॉट मिनरल स्पा रोडवरच्या आरव्ही पार्कात या, अर्ध्या तासावर आहे. तिथे वीज आणि पाण्याची जोडणी मिळते.

टाकी_बॅटरी_गॅस
फोडणी जमेल. छपराचा पंखा चालू, विरुद्ध बाजूची खिडकी चार बोटं उघडी, मगच तेल ठेवा. धुराचा अलार्म तरीही वाजेल, तेव्हा टॉवेलने वारा घाला. त्याची बॅटरी काढू नका, परत लावायची राहून जाते. त्याहून बरं म्हणजे तेलात परतलेली फोडणी भावाच्या घरूनच बरणीत भरून न्या. भारतातला मिक्सर नेऊ नका, तिथे वीज १२० व्होल्टची.

कोचेला किंवा ब्रॉलीला पेट्रोलची टाकी पूर्ण भरून घ्या, नायलंडच्या भरवशावर राहू नका. नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा.

लांबची_वाट
कागदपत्रं राहिलीच. हायवे १११ वर नायलंडच्या उत्तरेला बॉर्डर पेट्रोलचा तपासनाका आहे. तिघांचे मूळ पासपोर्ट आणि आय-९४ ची (अमेरिकेतल्या प्रवेशाच्या नोंदीची) छापील प्रत गाडीत हवी, झेरॉक्सवर भागवू नका. आंतरराष्ट्रीय परवाना तुमच्या पत्त्याच्या आरटीओतून निघतो: फॉर्म ४-ए, फी १००० रुपये, मुदत एक वर्ष. मूळ लायसन्स त्यासोबत लागतंच. आईंच्या गोळ्या मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह, आणि अर्ध्या गोळ्या दुसऱ्या बॅगेत.