मावशी रिटायरमेंट कम्युनिटीत जाते म्हणते, घरातले नको म्हणतात (बेळगाव-खानापूर-निपाणीवाल्यांनी बोला)

टिळकवाडीकरीण
घरात आठवडाभर हाच वाद चाललाय म्हणून इथं टाकते. माझी मावशी, वय 71, लग्न केलं नाही, शाळेत बाई होती, पेन्शन आहे, शहापुरात कौलारू घरात एकटी राहते. तिची एक मैत्रीण पुण्यात रिटायरमेंट कम्युनिटीत (डिपॉझिट भरून राहायची, फक्त वयस्कर लोकांची वसाहत) राहायला गेली, ही तिथं पंधरा दिवस राहून आली आणि आता म्हणते मलापण जायचंय. मामा, भाचे सगळे उखडलेत, एवढी माणसं असताना बाईला आश्रमात टाकली म्हणतील लोक.

मी तिच्या बाजूने आहे. परवा गेले तर फ्रिजमध्ये अर्धा कांदा वाटीखाली पालथा, कधीचा कुणास ठाऊक, आणि आमटीचं पातेलं दोन दिवसांपूर्वीचं. म्हटलं ताजं का करत नाहीस, तर म्हणते एका माणसाची आमटी होत नाही गं, कमीत कमी चार माणसांची होते मग तीन दिवस तीच खायची. टीव्ही दिवसभर चालू, बघत नाही, घरात आवाज पाहिजे म्हणून. आणि पुण्याहून आल्यावर मला पाऊण तास फोनवर काय सांगत होती माहितेय? तिथल्या एका बाईशी कॅरमवरून तिचं कसं भांडण झालं ते. दहा वर्षांत हिच्याशी कोण भांडलेलं नाही ओ! आम्ही सगळे नुसतं गोळी घेतली का विचारतो आणि फोन ठेवतो.

निपाणीचा_अण्णा
ताई राग मानू नका पण हे पुण्या-मुंबईचं फॅड हाय. आमच्या गल्लीत सकाळी सातपर्यंत एखाद्या म्हातारीचं दार उघडलं न्हाई तर तीन माणसं जाऊन कडी वाजवत्यात. आजारी पडली तर पेज येत्या, सणाला पोळी येत्या. हे सगळं फुकट हाय. त्यासाठी डिपॉझिट भरून अनोळखी लोकांत जाऊन राहायचं आणि त्याला कम्युनिटी म्हणायचं? गल्ली म्हणजे काय हाय मग?

खासबागची_सून
अण्णा तुमची गल्ली राहिली असेल, आमची नाही राहिली. सात घरांतली चार भाड्यानं दिलेत, पोरं कॉलेजची, दोन वर्षं राहतात आणि जातात, मालकाची मुलं बेंगळूर नाहीतर पुण्याला. आणि गल्ली पोळी देते तशी नजर पण ठेवते हे पण बोला की. माझ्या सासूबाई 58 व्या वर्षी विधवा झाल्या. त्याच गल्लीत तीस वर्षं त्यांनी हळदीकुंकू केलं, आणि पुढच्या संक्रांतीला त्यांना कोण बोलावलं नाही. भांडून नाही हं, अगदी गोड बोलून, "तुम्हाला त्रास नको म्हणून". हेरवाड आपल्यापासून काय लांब नाही, शिरोळ तालुक्यात, त्या गावाला 2022 ला ठराव करावा लागला की कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत. ठराव करावा लागला म्हणजे काय ते समजा.
एकट्या बायका बहुसंख्य असतात अशा ठिकाणी नवरा गेलेला, नवरा कधी नव्हताच, नवरा सोडलेला, ह्याची नवलाईच राहत नाही. सगळ्याच तशा. हा फायदा कुठल्या ब्रोशरमध्ये लिहिलेला नसतो.

येळ्ळूर_एक्सप्रेस
भावना पटली पण दुसरी बाजू लिहितो. माझ्या काकूला आम्ही दोन वर्षांपूर्वी एका ठिकाणी ठेवलं होतं, नाव लिहीत नाही. स्वच्छ, जेवण वेळेवर, डॉक्टर. पण काकूला कन्नड येत नाही, बाजूच्या दोघी आणि स्टाफ सगळा कन्नड, काकू चार महिन्यांत बोलायचीच थांबली. परत आणली. म्हणजे चार बायका एका छताखाली ठेवल्या की मैत्री होतेच असं नाही.
दुसरं, पुणं म्हणजे इथून सव्वातीनशेच्या वर किलोमीटर. मावशीचं भजनी मंडळ, रविवार पेठेतला किराणावाला, दवाखाना, सगळं इथं. माझी आई 68 ची, 2023 च्या जूनमध्ये कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट करणारी शक्ती योजना आल्यापासून आधार दाखवून झिरो तिकीट काढते आणि सौंदत्तीला काय जाते, खानापूरला बहिणीकडे काय जाते, आम्ही घरी आणि आई बसमध्ये. ती म्हणते मला कुठं ठेवू नका, फक्त बसस्टँडला सोडा. पुण्यात गेली तर हे सगळं गेलं.

टिळकवाडीकरीण
@येळ्ळूर बसचं एकदम मान्य, मावशीपण तशीच फिरते. पण संध्याकाळी सहाला परत येऊन कुलूप काढते ना, त्यानंतरचं मी बोलतेय. आणि आपला पाऊस! जूनपासून सप्टेंबरपर्यंत ती कुठं जाते? कौलं शाकारायला माणूस मिळत नाही, मागच्या वर्षी देवघरात बादली ठेवून झोपली आणि आम्हाला सांगितलं पण नाही.

शहापूर_खडेबाजार
भाषेचं मला नाही पटलं. आमच्या शेजारच्या अक्का कन्नड, आई मराठी, चाळीस वर्षं दोघींची अशी मिसळ भाषा झालीय की तिसऱ्याला कळत नाही. पण ती चाळीस वर्षांत झाली, पंच्याहत्तरीत नव्यानं होणार नाही हे खरं. म्हणून जायचं तर हातपाय चालतात तेव्हाच जावं. आजारी पडल्यावर नेऊन ठेवलं की तो दवाखानाच होतो, कुणाशी ओळख करणार माणूस?

प्रांत_ऑफिसचे_हेलपाटे
भावनेत कागद विसरू नका. 1) डिपॉझिट परत कधी, किती, मेल्यावर कुणाला, हे लिहून घ्या. केंद्रानं 2019 ला रिटायरमेंट होम्ससाठी मॉडेल गाइडलाइन्स काढल्यात पण त्या नमुना आहेत, त्यावर विसंबून राहू नका. 2) मावशीचं घर आत्ताच कुणाच्या नावावर करू नका!! केलंच तर बक्षीसपत्रात "सांभाळण्याच्या अटीवर" असं स्पष्ट लिहा. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात कलम 23 आहे, अट घालून दिलं आणि सांभाळलं नाही तर ट्रिब्युनल ते रद्द करू शकतं. 3) मूलबाळ नसलेल्या बाईची प्रॉपर्टी ज्यांना मिळणार आहे त्या नातेवाइकांवर, ऐपत असेल तर, तिला सांभाळायची जबाबदारी पण त्याच कायद्यात आहे. लोक काय म्हणतील म्हणणाऱ्या भाच्यांना हे एकदा वाचून दाखवा, बघा आवाज किती राहतो 😀

निपाणीचा_अण्णा
हे बरं झालं बोललात. पण माझा मुद्दा तिथंच हाय. पेन्शनवाल्या बाईंना जमेल, आमच्या इथं तंबाखूच्या वखारीत आणि बिडीवर आयुष्य काढलेल्या बायका हायत, त्यांना कुठली कम्युनिटी? संध्या सुरक्षा म्हणून सरकारी म्हातारपणाची पेन्शन हाय, तिचे महिन्याला 1200 येत्यात, त्यात काय डिपॉझिट भरणार. त्यांना गल्लीच.

हिंदवाडी_ते_लंडन
इथलं एक सांगते. लंडनला हाय बार्नेटमध्ये न्यू ग्राउंड म्हणून आहे, 25 फ्लॅट, फक्त पन्नाशीच्या पुढच्या बायका, 2016 च्या शेवटी राहायला गेल्या. बिल्डरनं विकलेलं नव्हे, ह्या बायकांचा ग्रुप 1998 पासून जागेच्या मागे होता, म्हणजे अठरा वर्षं! पण तोपर्यंत एकमेकींना ओळखून होत्या. प्रत्येकीचं घर वेगळं, स्वयंपाकघर वेगळं, शिवाय एक कॉमन. कारभार त्याच बघतात. आणि अण्णा, त्यातले काही फ्लॅट कमी पैसेवाल्यांसाठी भाड्याचे ठेवलेत.

निपाणीचा_अण्णा
अठरा वर्षं? आमच्या म्हाताऱ्या तोपर्यंत थांबणार हायत होय 😂 लंडनचं लंडनला.

खासबागची_सून
अठरा वर्षं नको, पण चौघींनी मिळून एक घर भाड्यानं घ्यायला काय हरकत आहे? शहापूर, अनगोळला जुनी मोठी घरं रिकामी आहेत. चार खोल्या, एक स्वयंपाकीण. सासूबाईंना बोलले तर पहिला प्रश्न "पण फोडणी कोण ठरवणार". भांडणार नक्की, पण उत्साह बघा.

टिळकवाडीकरीण
अपडेट. मावशीला सगळा धागा वाचून दाखवला. शेवटी असं ठरलंय की पावसाळ्याचे चार महिने पुण्याला, डिपॉझिट न भरता महिन्याच्या हिशोबानं, घर विकायचं नाही की कुणाच्या नावावर करायचं नाही. दसऱ्याला परत येऊन ठरवणार. चौघींच्या घराचं ऐकून म्हणाली कोण कोण आहेत ते आधी सांग, घोरणारी नको.
आणि अण्णांसाठी निरोप आहे, जसाच्या तसा टाकते: "त्यांना विचार, सात वाजता कडी वाजवायला जातात त्या तिघांत बाप्ये किती?"

निपाणीचा_अण्णा
😶 आमची मंडळीच जात्या. आणि समोरच्या वहिनी. आणि माझी आई जायची, ती आता स्वतः दारात खुर्ची टाकून बसत्या.
मावशींना नमस्कार सांगा.