कांद्याची स्लाइड बघितली, पुस्तकातलं काहीच दिसलं नाही. पेशीचं चित्र खोटं असतं का?

अकरावी_सायन्स

नमस्कार सगळ्यांना. प्रश्न बावळट वाटला तर हसू नका प्लीज. मी दहावीपर्यंत मराठी मीडियमला होते, आता अकरावीला सगळं इंग्लिशमधून, म्हणजे तंतुकणिका म्हणजेच मायटोकॉन्ड्रिया आणि लयकारिका म्हणजे लायसोसोम हे कळेपर्यंतच पहिला महिना गेला. तर मागच्या आठवड्यात बायोचं पहिलं प्रॅक्टिकल झालं, कांद्याचा पापुद्रा काढायचा, आयोडीनचा थेंब टाकायचा आणि बघायचं. मी इतकी एक्साइटेड होते कारण पुस्तकात ते रंगीत चित्र आहे ना, मधे गोळा, बाजूला शेवयांसारखी जाळी, शेंगदाण्यासारख्या मायटोकॉन्ड्रिया, हिरवे क्लोरोप्लास्ट. आणि दिसलं काय तर विटांची भिंत आणि प्रत्येक विटेत एक पिवळट ठिपका. बस. ४५ चं ऑब्जेक्टिव्ह (४५ पट मोठं दाखवणारं भिंग) लावलं तरी तेच, फक्त मोठं. मॅडमना विचारलं तर म्हणाल्या जर्नलमध्ये पुस्तकातली आकृती काढ आणि नावं दे.

म्हणजे जे दिसलं नाही ते काढायचं? मग ते तिथे आहे हे कुणी बघितलं? आणि क्लोरोप्लास्ट तरी दिसायला हवे होते ना, कांदा वनस्पतीच आहे की. मायक्रोस्कोप खराब होता की मीच काहीतरी चुकवलं?

रॅंकर_बनो

अगं एवढा विचार नको करू, नीटला हे विचारत नाहीत. पाठ कर: मायटोकॉन्ड्रिया पॉवरहाऊस, रायबोसोम प्रोटीन फॅक्टरी, लायसोसोम सुसाइड बॅग, न्यूक्लियस कंट्रोल रूम, प्रत्येक सेलमध्ये असतोच. प्लँट सेलमध्ये क्लोरोप्लास्ट आणि ॲनिमल सेलमध्ये मायटोकॉन्ड्रिया. मी असंच केलं, बायोत चांगले मार्क आले. तुझा मायक्रोस्कोपच जुना असणार.

जुना_मास्तर

वरच्या प्रतिसादातली दोन वाक्यं चुकीची आहेत, त्याकडे मागाहून येतो. आधी मुलीचा प्रश्न, कारण तो बावळट तर नाहीच, तीस वर्षं शिकवताना असा प्रश्न विचारणारी मुलं मला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी भेटली.

बाळ, तुझा मायक्रोस्कोप ठीक आहे आणि तूही काही चुकवलेलं नाहीस. पुस्तकातलं चित्र खोटं नाही पण ते कुठल्याही एका पेशीचं चित्र नाही, ती मिसळ आहे. कुणी पानातून हिरवे कण घेतले, कुणी प्राण्याच्या ग्रंथीतून गॉल्जी (पेशीतली चपट्या पिशव्यांची चळत), कुणी आणखी कुठून जाळी, आणि शिकवायला सोपं जावं म्हणून सगळं एका ताटात वाढलं. शिवाय आकारही सोयीचे. ते प्रमाणात काढले असते तर पानभर चित्रात रायबोसोम टिंबाएवढेसुद्धा आले नसते.

आता प्रमाणाचं बघ. कांद्याच्या सालीतली पेशी लांबीला साधारण पाव ते अर्धा मिलिमीटर असते. धर ०.३ मिलिमीटर. ती आपण तीस हजार पट मोठी केली तर नऊ मीटर लांब आणि जेमतेम दीड मीटर रुंद अशी जागा होईल, म्हणजे चाळीतली गॅलरी डोळ्यासमोर आण. या गॅलरीत केंद्रक, म्हणजे न्यूक्लियस, तुझा तो पिवळट ठिपका, मोठंसं कलिंगड, कदाचित त्याहून थोडं मोठं. मायटोकॉन्ड्रिया लिंबाएवढ्या किंवा त्याहून बारीक. रायबोसोम रव्याचा कण. आणि प्रद्रव्यपटल, ज्याला तुम्ही आता प्लाझ्मा मेम्ब्रेन म्हणता, ते दोन-तीन कागदांच्या जाडीचं. खरी मेम्ब्रेन सात-आठ नॅनोमीटर जाड असते आणि आपल्या साध्या प्रकाशाच्या मायक्रोस्कोपला, तो कितीही भारी असू दे, ०.२ मायक्रोमीटरच्या, म्हणजे २०० नॅनोमीटरच्या आतलं वेगळं करून दाखवता येत नाही. काचेचा दोष नाही तो, प्रकाशाचाच स्वभाव आहे. म्हणून मेम्ब्रेन, रायबोसोम, ती शेवयांची जाळी हे सगळं इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप आल्यावरच बघायला मिळालं.

अजून एक, ही गॅलरी रिकामी नसते. जवळजवळ सगळी एका मोठ्या पाण्याच्या टाकीने भरलेली असते, तीच रिक्तिका. बाकीचं सगळं बिऱ्हाड, कलिंगडासकट, टाकी आणि भिंत यांच्यामधल्या बोळात दाटीवाटीने. तुझा पिवळा ठिपका बहुतेक पेशींत अगदी मधोमध नसून भिंतीला चिकटून असेल, आठवून बघ.

अकरावी_सायन्स

हो सर!! कडेलाच होता बऱ्याच ठिकाणी. मला वाटलं माझी साल दुमडली होती. पण मग मायटोकॉन्ड्रिया लिंबाएवढी म्हणजे एक मायक्रोमीटर ना? ती ०.२ पेक्षा मोठी आहे, मग दिसायला पाहिजे होती.

जुना_मास्तर

शाबास, बरोबर पकडलंस. आकाराने दिसण्याइतकी आहे पण रंग नाही. पाण्यात काचेची गोटी टाक, असते पण दिसत नाही, तसं. पेशीतलं बहुतेक सामान पारदर्शक असतं म्हणून रंग लावावा लागतो आणि प्रत्येक रंग आपल्या आवडीच्या जागीच बसतो. आयोडीन केंद्रकावर पिवळट-तपकिरी बसतं. मायटोकॉन्ड्रियासाठी जॅनस ग्रीन नावाचा वेगळा रंग आहे, तो जिवंत पेशीला लावतात.

या रंगांवरून फार भांडणं झालेली आहेत. कामिल्लो गॉल्जीने १८९८ साली घुबडाच्या मेंदूतल्या चेतापेशींना चांदीच्या क्षाराने रंग दिला आणि त्याला आत एक जाळं दिसलं, तेच पुस्तकातलं गॉल्जी. तर पुढची पन्नासेक वर्षं बरेच शास्त्रज्ञ म्हणत राहिले की हे खरं नव्हेच, रंगाचा डाग आहे, करताना झालेली घाण आहे. १९५० च्या दशकात इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली ते स्पष्ट दिसलं तेव्हा वाद मिटला. म्हणजे ‘हे तिथे आहे हे कुणी बघितलं’ हा तुझा प्रश्न मोठमोठ्या लोकांनी अर्धं शतक विचारलाय. आणि रॉबर्ट हुकने १६६५ मध्ये बुचाच्या कापात पेशी पहिल्यांदा बघितल्या तेव्हा त्याला तुझा पिवळा ठिपकाही दिसला नव्हता, मेलेल्या पेशींच्या रिकाम्या भिंती होत्या त्या. ऑर्किडमध्ये केंद्रक बघून त्याला नाव दिलं ते रॉबर्ट ब्राउनने, १८३१ च्या सुमारास. पहिल्याच दिवशी तू हुकच्या पुढे गेलीस.

स्लाइडवाली_ताई

मी हिस्टोपॅथॉलॉजीच्या (शरीरातून काढलेले तुकडे तपासायच्या) लॅबमध्ये टेक्निशियन आहे, म्हणजे दिवसभर पेशीच. सरांनी सांगितलंय त्यात माझी थोडी भर. आमच्याकडे गाठ किंवा तुकडा आला की त्याचे बारीक काप करून हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन हे दोन रंग लावतो, त्यात केंद्रक निळंजांभळं आणि बाकीचं गुलाबी. झालं. मायटोकॉन्ड्रिया वगैरे आम्हालाही एरवी सुट्या दिसत नाहीत, पण डॉक्टर त्या निळ्या ठिपक्यांवरूनच बरंच काही सांगतात, केंद्रक पेशीच्या मानाने फार मोठं झालंय का, वेडंवाकडं आहे का, फार गडद आहे का. कॅन्सरची शंका घ्यायला यातल्या खुणा फार महत्त्वाच्या असतात. म्हणजे फक्त ठिपका दिसला म्हणून नाराज होऊ नकोस.

आणि रॅंकर भाऊ, प्रत्येक पेशीत केंद्रक असतं हे चूक. आपल्या रक्तातली लाल पेशी, जी साधारण १२० दिवस जगते, तिच्यात तयार झाल्यावर केंद्रक नसतं आणि मायटोकॉन्ड्रियासुद्धा नसतात. कोंबडीच्या लाल पेशीत मात्र केंद्रक असतं, बघायला मिळालं तर बघ.

माझी एक फजिती सांगते. अकरावीला असताना मला स्लाइडवर मस्त गोल गोल काळ्या जाड कडेचे गोळे दिसले, मी जर्नलमध्ये केंद्रक म्हणून सुबक काढले, शेडिंगबिडिंग करून. सरांनी सही पण दिली. पुढे डिप्लोमाला गेल्यावर कळलं ते हवेचे बुडबुडे होते. कव्हरस्लिप (वर झाकायची पातळ काच) सपाट टाकली की होतात, ती एका कडेने टेकवून सुईच्या आधाराने हळूहळू खाली सोडायची. काळी जाड कड आणि आत लख्ख रिकामं दिसलं की समज, बुडबुडा.

रॅंकर_बनो

ओके आरबीसी विसरलो, मान्य. पण प्लँट सेलमध्ये क्लोरोप्लास्ट हे तर बरोबर आहे ना, तिला का नाही दिसले मग?

जुना_मास्तर

कांदा जमिनीत असतो रे. तिथे ऊन कुठलं. पातीचा कांदा आण, हिरव्या पातीतल्या पेशींत हिरवे कण खच्चून भरलेले असतात आणि खालच्या पांढऱ्या भागात नसतात, आणि दोन्ही एकाच झाडाच्या एकाच पानाचे भाग आहेत, डीएनए तोच. जिथे जे लागतं तिथे ते तयार होतं.

आणि दुसरी चूक हीच की वनस्पतीत क्लोरोप्लास्ट आणि प्राण्यात मायटोकॉन्ड्रिया. वनस्पतीत दोन्ही असतात! क्लोरोप्लास्ट साखर बनवतं, पण ती साखर वापरून पेशीला चालेल असा एटीपी, म्हणजे तिचं ऊर्जेचं चलन, बनवायचं मुख्य काम मायटोकॉन्ड्रियाचंच. शेतात पिकवलं म्हणून चूल पेटवायची राहते का? रात्री पान काय करेल, आणि मुळं तर बिचारी दिवसाही अंधारात. दरवर्षी ही चूक अर्धा वर्ग करतो कारण पुस्तकात दोन चित्रं शेजारी-शेजारी असतात आणि मुलं फरक तेवढे पाठ करतात.

कोकणातला_पाव्हणा

मी सायन्सवाला नाही, बँकेत होतो, पण वाचतोय. मला एक सांगा मास्तर, मेम्ब्रेन जर दिसतच नाही तर आहे हे घरी कसं कळणार? नात आठवीत आहे, तिला दाखवायचंय.

जुना_मास्तर

पाव्हणं, काकडीची कोशिंबीर करता ना? मीठ घातलं की पाणी सुटतं. ते पाणी काकडीच्या पेशींतून आलं, बाहेर मीठ जास्त झालं म्हणून आतलं पाणी मेम्ब्रेनमधून बाहेर ओढलं गेलं, हेच परासरण. म्हणून आपल्याकडे मीठ अगदी जेवायला बसताना घालतात.

डोळ्यांनी बघायचं तर लाल कांदा घ्या. त्याच्या मांसल पाकळीची बाहेरची जांभळी साल सोलायची, आतली पांढरी नको. तो जांभळा रंग रिक्तिकेतल्या पाण्यात विरघळलेला असतो, म्हणजे रंग देणाऱ्याने आधीच दिलाय. साध्या पाण्यात बघितलं तर अख्खी पेशी जांभळी. मग कव्हरस्लिपच्या एका कडेला मिठाच्या पाण्याचा थेंब आणि दुसऱ्या कडेला टिपकागद, की पाणी आत खेचलं जातं. दोन-तीन मिनिटांत जांभळा भाग भिंतीपासून सुटून आकसायला लागतो, भिंत जागच्या जागी. ती जी सुटलेली कड दिसते ना, तिथेच मेम्ब्रेन आहे. एरवी ती भिंतीला दाबून बसलेली असते. याला रससंकोच म्हणतात, अकरावीत प्लाझमोलिसिस.

घरी मायक्रोस्कोप नसेल तर कागदाची घडी करून बनवायचा फोल्डस्कोप मिळतो, मनू प्रकाश यांच्या स्टॅनफर्डमधल्या गटाने काढलेला, त्यावर कांदा आरामात दिसतो.

स्लाइडवाली_ताई

आणि आयोडीन घालू नका हं यात, आयोडीनने पेशी मरते, मेलेली मेम्ब्रेन काही अडवत नाही. जिवंत साल, आरशाचा उजेड कमी करून, ४५ वर बघितलीत तर पेशीतले बारीक कण सरकताना पण दिसतात. हायड्रिला या पाणवनस्पतीचं पान मिळालं तर अजून भारी, हिरवे कण रांगेने फिरतात, माझा अर्धा तास त्यातच जायचा.

अकरावी_सायन्स

आज केलं!!! लॅब असिस्टंट काकांना मस्का लावून जेवणाच्या सुट्टीत. लाल कांदा डब्यात घेऊन गेले होते, अख्ख्या वर्गाला वास. खरंच सुटलं भिंतीपासून, आधी कोपऱ्यातून सुटतं, मग जांभळा गोळा मधे गोळा होऊन बसतो. एका पेशीत तर दोन तुकडे झाले. मैत्रिणीला बोलावून दाखवलं, मोबाइल आयपीसला लावून फोटो पण काढला, हललाय जरा.

पण मग मी पुन्हा साधं पाणी सोडलं तर सगळ्या पेशी परत फुगल्या नाहीत. काही फुगल्या, काही तशाच राहिल्या आणि काहींचा जांभळा रंग सगळीकडे पसरून फिका झाला. हे काय झालं?

जुना_मास्तर

मीठ किती घातलं होतंस?

अकरावी_सायन्स

अर्ध्या वाटी पाण्यात एक चमचा.

जुना_मास्तर

मग बरोबर आहे. ते सात-आठ टक्क्यांचं झालं, समुद्राचं पाणी साधारण साडेतीन टक्के असतं. ज्यांचा रंग पसरला त्या मेल्या, मेम्ब्रेन फाटली की रंग अडवणारं कुणी उरत नाही. उद्या अर्ध्या वाटीला पाव चमचाच घाल, आणि आकसलेलं दिसलं की लगेच साधं पाणी सोड, फोटो काढत बसू नकोस.