नेफ्यातील नाडीसारखी दुर्बीण

लहान आतड्यातील गाठ पोट न उघडता काढता येते का, असे आपण विचारले आहे. येते, मात्र तोंडावाटे घालायची नेहमीची दुर्बीण जेमतेम आतड्याच्या सुरुवातीपर्यंत पोहोचते आणि गिळायची कॅप्सूल केवळ चित्रे टिपते. जपानच्या हिरोनोरी यामामोतो यांनी २००१ मध्ये मांडलेल्या दोन फुग्यांच्या दुर्बिणीत फुगे आळीपाळीने फुगवून, नाडी ओवताना नेफा चुण्या होऊन गोळा व्हावा तसे, आतडे नळीवर ओढून घेतात. मग गरजेप्रमाणे गाठीखाली सलाइन टोचून ती उचलतात आणि तारेच्या फासाने कापतात. भिंत पातळ असल्याने छिद्राचा धोका खरा आहे, म्हणून हात अनुभवीच हवा. फोंड्याच्या माझ्या भाच्याच्या ओठांवरचे काळसर ठिपके आम्ही जन्मखुणा मानत होतो; ते प्यूट्झ-जेघर्स या आतड्यात गाठी करणाऱ्या आनुवंशिक विकाराचे निघाले. आतडे आतड्यात शिरून अडण्याआधीच त्याची गाठ निघाली आणि तिसऱ्या दिवशी तो पेज जेवला.