मदत हवी आहे: डिस्कॉर्डवर लेखी पोस्टींनी डी अँड डी चालवतो आहे, लढाई पुढे सरकत नाही

कंदील

नमस्कार मंडळी. डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फाशांवर चालणारा कथाखेळ) याच्या पाचव्या आवृत्तीचा (२०१४ चे नियम) खेळ डिस्कॉर्ड या चॅट अ‍ॅपवर निव्वळ लेखी पोस्टींनी चालवतो आहे, म्हणजे डीएम (खेळ चालवणारा) मी. आवाज नाही, व्हिडिओ नाही, सगळ्यांनी एका वेळी ऑनलाइन यायची अट नाही. पाच खेळाडू आहेत: फायटर (लढवय्या), रोग (चोरटा), रेंजर (रानातला शिकारी), क्लेरिक (पुजारी) आणि विझर्ड (जादूगार). सगळी पात्रं तिसऱ्या पातळीवर. वेग ठरलाय दिवसाला माणशी एक पोस्ट.

सध्या गुहेच्या तोंडाशी सहा गोब्लिनांशी लढाई चालू आहे. इनिशिएटिव्ह (कोण आधी खेळणार ते ठरवणारा फासा) आला तो असा: रोग १९, रेंजर १६, गोब्लिन १४, विझर्ड ११, फायटर ९, क्लेरिक ५. अकरा दिवस झाले, दुसरा राऊंड (सगळ्यांची एकेक पाळी) अजून पुरा झालेला नाही. पोस्टी वेळेवर येतात, पण प्रत्येक जण आपल्या आधीच्याची वाट बघतो.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. क्रम न मोडता हे वेगात कसं करायचं? विझर्डकडे शील्ड हे फटका टाळणारं स्पेल (मंत्र) आहे, दर हल्ल्याला "वापरतोस का?" असं विचारत थांबायचं का? आणि लढाई नसतानाही एक दार उघडायला तीन दिवस लागतात, त्यावर काय उपाय?

फासेवाला

क्रम मोडायला नको, गट करा. गोब्लिनांचा इनिशिएटिव्ह टाकूच नका, १० अधिक डेक्स्टेरिटी (चपळाई) मॉडिफायर असा कायमचा धरा. गोब्लिनाचा मॉडिफायर +२, म्हणून १२. ज्यांचा आकडा १२ च्या वर ते पहिल्या राऊंडमध्ये गोब्लिनांच्या आधी खेळतात. तुमच्याकडे रोग आणि रेंजर. मग गोब्लिन. त्यानंतर पाचही खेळाडू एकाच गटात, कोणीही आधी पोस्ट करा. मग पुन्हा गोब्लिन. म्हणजे पहिल्या राऊंडनंतर लढाई "सगळे खेळाडू, सगळे शत्रू" एवढ्यावर येते आणि तरी पहिल्या फाशाचा मान राहतो, कारण वेगवान पात्रांना एक टर्न आधी मिळालेली असते.

हिशोब बघा. तुमच्या पद्धतीत एका राऊंडला सहा थांबे आहेत. प्रत्येकाने आपले २४ तास वापरले तर सहा दिवस, चार राऊंडना २४ दिवस. गटाच्या पद्धतीत थांबे दोनच, त्यातला एक तुमच्या हातात. खेळाडूंना २४ तास, तुमचं उत्तर त्याच रात्री. चार राऊंड पाच-सहा दिवसांत आटोपतात. लेखी खेळात पोस्ट किती लांब आहे याने फरक पडत नाही, किती जणांना थांबावं लागतं याने पडतो.

गटातला क्रम म्हणजे पोस्ट पडल्याचा क्रम. म्हणून प्रत्येक हल्ल्याच्या पोस्टीत दुसरं लक्ष्य लिहिणं सक्तीचं करा. "तिसऱ्या गोब्लिनावर; तो आधीच पडला असेल तर चौथ्यावर." हे नसलं की तिसरा गोब्लिन रोगच्या बाणाने मेलेला, फायटरची तलवार हवेत, आणि तुम्ही परत विचारत बसलेले.

निळी शाई

गटाची पद्धत चांगली आहे, पण तिच्यात एक खड्डा आहे तो आधीच बुजवा. शत्रू एका दमात खेळतात, त्यामुळे सगळे एकावर तुटून पडले तर मध्ये क्लेरिकला हात घालायला जागाच राहत नाही. गोब्लिनाचा हल्ला +४ (वीस बाजूंच्या फाशात मिळवायचे), सरासरी इजा ५. विझर्डचा एसी (फटका लागायला हल्ल्याची बेरीज निदान एवढी हवी तो आकडा) १२ धरला तर ८ किंवा जास्त पडलं की फटका लागतो, म्हणजे ६५ टक्के. सहा हल्ल्यांची सरासरी इजा १९ ते २०. तिसऱ्या पातळीच्या विझर्डचे हिट पॉइंट (किती इजा सोसतो ते), कॉन्स्टिट्यूशन (शरीराचा काटकपणा) +१ असेल तर, १७. एका फेरीत माणूस आडवा.

एका फेरीत एका पात्रावर जास्तीत जास्त दोन किंवा तीन शत्रू, हा नियम आधीच जाहीर करा. कोणी स्वतःहून मधोमध जाऊन उभा राहिला तर मात्र हा नियम नाही. शत्रूंच्या इजेसाठी फासेही टाकू नका, पुस्तकात छापलेली सरासरी घ्या. क्रिटिकलला (हल्ल्याच्या फाशावर २० पडल्यावर) मात्र फासे दुप्पट होतात हे लक्षात ठेवा: १डी६+२ (सहा बाजूंचा एक फासा अधिक २) चे २डी६+२, म्हणजे ५ ऐवजी ९.

तळटीप

शील्डसाठी थांबायचं काहीच कारण नाही. नियमाप्रमाणे शील्ड हल्ला *लागल्यावर* वापरायचं असतं, आणि हल्ल्याची बेरीज तुम्हाला माहीत असते. एसी १२ असेल तर शील्डने १७ होतो. म्हणजे १२ ते १६ ची बेरीज असेल तरच त्याचा उपयोग. १७ किंवा त्यापुढे स्पेल स्लॉट (स्पेल वापरायच्या मोजक्या संधींतली एक) वाया. खेळाडूकडून एकदा लिहून घ्या: "फटका टळणार असेल तरच शील्ड. पहिल्या पातळीचा एक स्लॉट शेवटपर्यंत राखून ठेवा." यात त्याचा निर्णय त्याचाच राहतो. फक्त तो आधी घेतलेला असतो.

अशी रिअ‍ॅक्शनची (दुसऱ्याच्या पाळीत करायच्या झटपट कृतीची) ओळ प्रत्येक पात्राची असावी. फायटर: "कोणीही माझ्या टप्प्यातून निघाला तर ऑपॉर्च्युनिटी अटॅक, फासे तुम्हीच टाका." पाचव्या पातळीला विझर्ड काउंटरस्पेल (दुसऱ्याचं स्पेल मोडणारं स्पेल) घेईल तेव्हा ते कोणत्या प्रकारच्या स्पेलवर खर्च करायचं तेही आधीच. या ओळी चॅनलमध्ये पिन करून ठेवा. खेळाडूला बदलायची असेल तर त्याने आपल्या पोस्टीत तसं लिहावं, पुढच्या शत्रू-फेरीपासून लागू.

सेव्हचंही (संकट टाळायला टाकायच्या फाशाचंही) तेच. विझर्डने एकाग्रतेचं (लक्ष मोडलं की संपणारं) स्पेल धरलंय आणि इजा झाली, तर कॉन्स्टिट्यूशन सेव्ह (१० किंवा इजेच्या निम्मे, यातलं जे जास्त ते गाठायचं) तुम्हीच टाका आणि निकाल त्याच पोस्टीत द्या.

फासेवाला

एकाग्रतेच्या सेव्हपुरतं मान्य. डेथ सेव्ह (शून्यावर पडलेलं पात्र जगतं की मरतं ते ठरवणारा फासा) मात्र डीएमने टाकू नये असं माझं ठाम मत आहे. तो फासा ज्याचा त्यानेच टाकावा, त्यात पात्राचा जीव आहे. अडचण एवढीच की पडलेल्या खेळाडूला दिवसभरात एक फासा टाकण्यापलीकडे काम नसतं, आणि तीन दिवस असे गेले की तो येईनासा होतो. त्याला एक गोब्लिन चालवायला द्या. शत्रूंच्या फेरीत त्याचा डाव तोच सांगेल. याने माणसं टिकतात.

निळी शाई

आता दाराबद्दल. अडतं कुठे ते एका उदाहरणात दिसतं. खेळाडू लिहितो, "मी दाराला कान लावतो." तुम्ही: "पर्सेप्शन टाक" (चाहूल लागते का त्याचा फासा). तो: "१४." तुम्ही: "आतून कुजबुज ऐकू येते." चार पोस्टी, दोन दिवस, आणि दार अजून बंदच.

तीच पोस्ट अशी हवी:

"दाराला कान लावतो, पर्सेप्शन १४. आत आवाज असेल तर हात वर करून मागच्यांना थांबवतो आणि तिथेच राहतो. शांतता असेल तर कुलूप बघतो, थीव्ज टूल्स १७. उघडलं तर दार वीतभर ढकलून आत डोकावतो, पाऊल टाकत नाही."

यात फासे आधीच टाकलेले आहेत, "असं झालं तर" दोनदा आहे, आणि शेवटी कुठे थांबायचं ते आहे. ही शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची. ती असली की डीएमला बिनधास्त पुढे जाता येतं, कारण खेळाडूने न सांगितलेलं काही त्याच्या पात्राकडून होणार नाही.

तुमच्या बाजूने पॅसिव्ह पर्सेप्शनचे आकडे (फासा न टाकता, १० अधिक मॉडिफायर) समोर ठेवा आणि जे त्यात दिसतं ते न विचारता सांगून टाका. चालण्याचा क्रम, मशाल कोणाच्या हातात, दाराशी कोण, सापळे कोण तपासतं हे एकदा लिहून पिन करा. मग प्रत्येक खोलीत तेच तेच विचारावं लागत नाही.

आणि सगळ्यांनी मिळून लपायचं असेल तर प्रत्येकाचं स्टेल्थ यशस्वी व्हायलाच हवं असा आग्रह धरू नका. पाच जणांची प्रत्येकी ७० टक्के शक्यता असली तरी पाचही जण पार पडण्याची शक्यता जेमतेम १७ टक्के. पुस्तकातली ग्रुप चेक वापरा, निम्मे किंवा जास्त यशस्वी तर सगळे यशस्वी: पाचात तीन, शक्यता ८४ टक्के. लेखी खेळात फसलेली स्टेल्थ म्हणजे आणखी एक आठवड्याची लढाई, त्यामुळे हा फरक टेबलावरच्यापेक्षा इथे जास्त बोचतो.

कंदील

फार उपयोग झाला, मनापासून आभार. आणखी दोन शंका. डावीकडे जायचं की उजवीकडे यावर चर्चाच संपत नाही. आणि कोणी सांगून न सांगून गायब झालं तर?

तळटीप

चर्चेला नियम लावा: एकाचा प्रस्ताव, दुसऱ्याचा होकार, २४ तासांत कोणाचा ठाम नकार नाही, की ठरलं. पाचही जणांच्या होकाराची वाट बघितली तर भिजत घोंगडं पडतं. ही चर्चा वेगळ्या चॅनलमध्ये होऊ द्या. तिथे मोकळं बोलता येतं, आणि कथेच्या चॅनलमध्ये "मला चालेल" छापाच्या ओळी येत नाहीत. तुमची प्रत्येक पोस्ट मात्र निर्णयावर संपली पाहिजे. गुहेचं वर्णन करून थांबलात तर खेळाडू पुढचं वाचायची वाट बघतात. "डावीकडून पाण्याचा आवाज, उजवीकडे ताजी राख. कुठे?" असं संपवलं तर उत्तर येतं.

गायब होणाऱ्यासाठी दोन मुदती. २४ तासांत पोस्ट नाही, तर पात्र आपली नेमलेली कृती करतं. फायटर जवळच्या शत्रूवर हल्ला, क्लेरिक शून्यावर आलेल्याला हीलिंग वर्ड (जखम भरणारं स्पेल), बाकी कोणाचं काही लिहिलेलं नसेल तर डॉज (फटके चुकवत राहणं). सात दिवस काहीच नाही, तर पात्र पहिल्या सोयीच्या जागी कथेतून बाजूला. मारू नका, माणसं परत येतात. मुदत लिहिताना डिस्कॉर्डचा टाइमस्टँप वापरा, प्रत्येकाला आपापल्या घड्याळाप्रमाणे वेळ दिसते आणि "रात्री ९ म्हणजे कोणाची रात्र" हा प्रश्न मिटतो.

थ्रेड (चॅनलमधला वेगळा धागा) वापरत असाल तर त्याची आपोआप अर्काइव्ह होण्याची मुदत एक आठवड्यावर ठेवा. ती एक तासावर राहिली असेल तर थ्रेड यादीतून नाहीसा होतो, आणि खेळ थांबला असा लोकांचा समज होतो.

जिरेटोप

नकाशाबद्दल कोणी बोललं नाही म्हणून थोडं. चौकटींचा नकाशा दर राऊंडला नव्याने टाकायचा तर काम वाढतं, आणि दोन पोस्टी एकाच चौकटीवर हक्क सांगतात. सोपी लढाई असेल तर जागेचे चार-पाच भाग पाडा: वाट, झुडपं, गुहेचं तोंड, आतला चौक. एका भागातून शेजारच्या भागात जायला ३० फुटांची एक चाल. स्पेलमध्ये किती जण सापडतात याला डीएमच्या पुस्तकात ठोकताळा आहे: शंकूच्या लांबीला १० ने भागा, गोलाच्या त्रिज्येला ५ ने, अपूर्णांक वर न्या. बर्निंग हँड्सचा शंकू १५ फुटी, दोन गोब्लिन. फायरबॉलची त्रिज्या २० फूट, चार. वाद होत नाही.

कंदील

सगळं धरून पुढच्या शत्रू-फेरीची पोस्ट अशी लिहिली आहे. टाकण्याआधी एकदा बघाल का?

"राऊंड २, गोब्लिनांची फेरी. झुडपांतले दोघे विझर्डवर बाण सोडतात: ९ चुकला, १५ लागला असता, पण शील्ड (पहिल्या पातळीचे २ स्लॉट उरले). गुहेच्या तोंडाशी असलेला तिसरा फायटरवर वार करून बोनस अ‍ॅक्शनने मागे सरकतो: १३, चुकला. तो टप्प्यातून निघाल्यामुळे फायटरचा ऑपॉर्च्युनिटी अटॅक: १८, इजा ९, गोब्लिन ठार. उरले पाच. चौथा ते सहावा आतल्या चौकात पळतात, आतून शिंग वाजतं.
राऊंड ३, सगळे खेळाडू. आत घुसायचं, की तोंड अडवून धरायचं? मुदत उद्या रात्री ९."

फासेवाला

साचा छान जमलाय, शेवटही बरोबर. एक चूक आहे. गोब्लिनाला निंबल एस्केप आहे, म्हणजे बोनस अ‍ॅक्शनने (पाळीतल्या जादा कृतीने) डिसएंगेज (मार न खाता मागे हटणं) किंवा हाइड (लपणं) करता येतं. तो बोनस अ‍ॅक्शनने मागे सरकला म्हणजे डिसएंगेज करूनच सरकला, त्यामुळे ऑपॉर्च्युनिटी अटॅक लागूच होत नाही. तिसरा गोब्लिन जिवंत ठेवा, उरले सहा. आणि फायटरची रिअ‍ॅक्शन शिल्लक आहे हे पोस्टीत लिहा, नाहीतर तो खर्च झाली असं समजून चालेल.

निळी शाई

शेवटच्या ओळीखाली प्रत्येकाचे हिट पॉइंट, कोण कुठल्या भागात आणि चालू स्पेल, एवढ्या तीन गोष्टी जोडा. क्लेरिकचं ब्लेस (साथीदारांच्या फाशात भर घालणारं स्पेल) चालू असेल तर ते तिथे लिहाच. एक दिवसानंतर पोस्ट करणारा खेळाडू डी४ (चार बाजूंचा फासा) मिळवायला हमखास विसरतो, आणि हुकलेला फटका मग दुरुस्त करता येत नाही, कारण तोवर पुढच्या दोघांनी त्यावर आपली पोस्ट टाकलेली असते.

कंदील

निंबल एस्केप लक्षातच आलं नव्हतं. तिसरा गोब्लिन परत उभा केला, ब्लेस आणि हिट पॉइंट खाली जोडले, विझर्डची शील्डची ओळ पिन केली. पोस्ट आज रात्री टाकतो.