मदत हवी आहे: रोज भाकरी-पालेभाजी, तरी हिमोग्लोबिन 9.1 वरच. काय चुकतंय?

येळवस_लातूर (धागाकर्ता):
वहिनींचं वय 34, वजन 46 किलो, शाकाहारी. सीबीसीत (रक्ताच्या साध्या तपासणीत) हिमोग्लोबिन 9.1, एमसीव्ही (तांबड्या पेशींचा आकार) 71. सकाळी चहात शिळी भाकरी, दुपारी दोन भाकरी, वरण, अंबाडी नाहीतर करडईची भाजी आणि लगेच कपभर चहा. तीन महिने बीट, खजूर, गूळ-शेंगदाणे चालू आहेत, आकडा हलत नाही. लोहाच्या लाल गोळीने मळमळतं म्हणून दुधासोबत घेतात. आणखी काय खायला द्यावं?

कारळ_चटणी:
नवीन काही आणू नका, आधी चहाची वेळ बदला. हिशेब बघा. दोन भाकरींना दीडशे ग्रॅम पीठ धरलं तर ज्वारीतून साधारण 6 मिग्रॅ लोह पोटात जातं. ज्वारीतलं फायटेट (धान्य-कडधान्यातला नैसर्गिक घटक) ते धरून ठेवतं, त्यामुळे रक्तात उतरतो तो अगदी थोडा भाग. त्यावर चहा आला की चहातल्या टॅनिन या तुरट घटकामुळे त्यातलंही निम्म्याहून जास्त वाया जातं. दूध घालून चहा केला तरी फारसा फरक नाही. जेवणाआधी एक तास आणि नंतर दीड तास चहा-कॉफी नको. सकाळची भाकरी कारळाच्या चटणीशी खा, चहा नंतर.

बीटचं म्हणाल तर रंगच तेवढा लाल. 100 ग्रॅममध्ये 1 मिग्रॅसुद्धा लोह नसतं. गुळाच्या 10 ग्रॅमच्या खड्यात जेमतेम अर्धा मिग्रॅ. बाईमाणसाची रोजची गरज 29 मिग्रॅ धरतात, म्हणजे खडा चघळून काय होणार!

चुलीजवळ:
वरच्याला जोड. अंबाडी उकडून पाणी पिळून टाकायची आपल्याकडे रीतच आहे. आंबटपणा उतरतो खरा, पण लोह शोषायला मदत करणारं सी जीवनसत्त्व त्याच पाण्यात जातं. म्हणून अर्ध्या लिंबाचा रस ताटात वाढल्यावर पिळायचा, कढईत नाही. उकळीत सी टिकत नाही. लिंबू नसेल तर जेवणाबरोबर अर्धा पेरू.

भाजी लोखंडी कढईत करा. आंबट भाजीत लोखंड थोडं थोडं उतरतं, ते फायद्याचंच. मात्र शिजल्याबरोबर स्टीलच्या भांड्यात काढा. कढईतच ठेवली तर तासाभरात काळी पडते, लोखंडाची चव येते आणि मग घरात कुणी खात नाही. नॉनस्टिकचा इथे उपयोग नाही.

मटकी, हुलगे मोड आणूनच. रात्रभर भिजवा, पाणी फेका, फडक्यात बांधा. उन्हाळ्यात 12 तास, थंडीत 24 तास. फडकं वाळलं तर मोड येत नाही, चिंब राहिलं तर वास मारतो. मोडामुळे फायटेट कमी होतं.

पेरणीची ज्वारी घरचीच असेल तर परभणीच्या कृषी विद्यापीठाचा 'परभणी शक्ती' हा वाण विचारात घ्या. खास लोह-जस्त वाढवून काढलेला आहे. मालदांडी ज्वारीच्या चवीची अपेक्षा मात्र ठेवू नका.

येळवस_लातूर:
येळवसीला (वेळ अमावस्येला) करतो ती आंबील रोज चालेल? आणि गोळीचं काय करू?

गोळी_वेळेवर:
आंबील चालेल. ज्वारीचं पीठ रात्रभर ताकात आंबलं की फायटेट मोडतं. बिनआंबवलेल्या पिठाची झटपट आंबील केली तर तो फायदा नाही.

गोळी दुधासोबत अजिबात नको. कॅल्शियमची गोळी आणि अॅसिडिटीचं औषध यांच्यातही दोन तासांचं अंतर. उपाशीपोटी सगळ्यात चांगली लागू पडते, पण मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर दोन तासांनी लिंबूपाण्याबरोबर. शौच काळी होते, घाबरून बंद करू नका. उपकेंद्रातल्या लाल गोळीत 60 मिग्रॅ लोह असतं. आठवड्याला एक हा प्रतिबंधाचा डोस झाला, 9.1 ला तो पुरत नाही. उपचाराचा डोस डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या. एवढी कमतरता नुसत्या आहाराने भरून निघत नाही.

चार आठवड्यांनी पुन्हा तपासा, साधारण 1 ग्रॅम वाढ दिसायला हवी. आकडा 12 झाला तरी पुढे तीन महिने गोळी सुरू ठेवतात, नाहीतर साठा रिकामाच राहतो. वाढ नसेल तर फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थॅलेसेमिया मायनर (हिमोग्लोबिनचा आनुवंशिक दोष) आहे का बघायला एचपीएलसी, या रक्ततपासण्या करा. शेतात अनवाणी काम असेल तर जंताच्या गोळीचंही विचारा. धाप लागत असेल किंवा दिवस गेले असतील तर वाट बघू नका. आणि पाळीत रक्तस्राव किती दिवस?

येळवस_लातूर:
आठ दिवस, गाठीही पडतात. हे आधी लिहायला हवं होतं.

गोळी_वेळेवर:
मग याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. सोनोग्राफीत गर्भाशयात फायब्रॉइड (साधी, कर्करोगाची नसलेली गाठ) आहे का ते बघतील. जाताना सीबीसीचा कागद सोबत न्या, गोळी मध्ये थांबवू नका.